काळा सीएच३४१ए प्रोग्रामर, फुकटचं फ्लॅशरॉम आणि ती क्लिप: पावसाळ्यापासूनचा वापर

आधी हिशेब, कारण हा सगळा खटाटोप हिशेबापायीच झाला. भाचीचा लॅपटॉप. बॅटरीने कधीच राम म्हटलेला, चार्जरवरच चालायचा. विंडोज अपडेटच्या पोटातून बायोसचं (लॅपटॉप चालू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेट आपोआप आलं आणि पट्टी अर्ध्यावर असताना सिडकोतली लाईट गेली. लाईट आली तेव्हा पंखा फिरत होता, पॉवरचा दिवा लागत होता, पडदा मात्र काळा ठार.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तपासणीची फी आधी घेतली, मग निकाल दिला: "सर, मदरबोर्ड बदलावा लागेल." अठरा हजार, वर जीएसटी. मी म्हटलं, अहो बोर्ड धडधाकट आहे, बायोसची चिप तेवढी परत लिहून द्या. "सर, चिप लेव्हलचं काम आमच्या पॉलिसीत बसत नाही." ठीक आहे. त्यांच्या पॉलिसीत बसत नाही, माझ्या खिशात बसत नाही. एम. जी. रोडला दोन-तीन दुकानांत प्रोग्रामर, म्हणजे चिप वाचायचं-लिहायचं यंत्र, विचारला. एकाने सरळ सांगितलं, "भाऊ, ते कोणी नेत नाही, ऑनलाइन मागवा." मागवला. प्रोग्रामर, क्लिप, दोन-तीन छोट्या ॲडाप्टर पट्ट्या, सगळं मिळून पाचशेच्या आत.

सीएच३४१ए हे प्रोग्रामरवरच्या आयसीचं नाव, आणि एसपीआय म्हणजे बायोसच्या चिपशी मोजक्या तारांवरून बोलायची पद्धत. एवढं पुरे. थेट वापराकडे येतो.

सॉफ्टवेअरबद्दल तक्रार शून्य. फ्लॅशरॉम, म्हणजे चिप वाचणारं-लिहिणारं मोफत सॉफ्टवेअर, कोअरबूट ह्या मुक्त बायोसच्या प्रकल्पातून आलेलं आहे. तोच प्रकल्प, जो १९९९ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत लिनक्सबायोस नावाने सुरू झाला आणि २००८ साली ज्याचं नाव बदललं. माझ्या जुन्या पीसीवर उबुंटू आहे, त्यावर एका कमांडमध्ये बसलं. ड्रायव्हर शोधा, अँटीव्हायरस बंद करा, रशियन साइटवरून झिप उतरवा, असलं काही नाही. प्रोग्रामर लावला की यूएसबीच्या यादीत १ए८६:५५१२ हा नंबर दिसतो. ५५२३ दिसला तर बोर्डावरचा जंपर चुकीच्या जागी आहे, तो सीरियल मोडमध्ये गेलाय. एवढं पाहिलं की पुढे तीन अक्षरांचा खेळ: आर म्हणजे वाच, डब्ल्यू म्हणजे लिही, व्ही म्हणजे पडताळ.

लिहायच्या वेळी फ्लॅशरॉम जे करतं ते मला फार आवडलं. आधी चिपमध्ये काय आहे ते वाचतं, आपल्या फाइलशी ताडून पाहतं आणि जिथे फरक आहे तेवढेच भाग पुसतं. फ्लॅशमध्ये पुसणं म्हणजे सगळे बिट एक करणं, म्हणून कोरी जागा एफएफ एफएफ दिसते. पुसायचं ते कमीत कमी चार केबीच्या सेक्टरने, लिहायचं २५६ बाइटच्या पानाने. शेवटी परत वाचून खात्री करतं. सोळा एमबीची चिप वाचायला दोन-तीन मिनिटं लागतात, लिहायला त्याहून जास्त. हा वेळ प्रोग्रामरचा, सॉफ्टवेअरचा नव्हे. चहा टाकायचा.

आता क्लिप.

अख्ख्या इंटरनेटवर लोक ह्या काळ्या बोर्डाच्या पाच व्होल्टवर गळे काढतात (त्याबद्दल खाली लिहिलंय), पण माझा सगळा वेळ, सगळा संताप आणि तोंडातल्या शिव्या ह्या क्लिपने खाल्ल्या. चिपला आठ पाय, दोन पायांमधलं अंतर १.२७ मिलिमीटर. क्लिपने चार पाय इकडून, चार तिकडून धरायचे. एवढंच तिचं आयुष्यातलं काम. आणि सेटबरोबर आलेली क्लिप म्हणजे पहिल्या उन्हाळ्यातच ढिला पडलेला कपड्यांचा चिमटा. दात बोथट, जबडा जरा तिरका, आणि तारांची पट्टी इतकी ताठ की तिच्याच वजनाने क्लिप एका बाजूला ओढली जाते.

मी काय करतो ते सविस्तर लिहितो, कुणाचा तरी रविवार वाचेल. बॅटरी काढा, चार्जर काढा, गोल सेल काढा. चिपचे पाय आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने घासा, कारण काही बोर्डांवर पातळ वार्निश असतं आणि ते डोळ्याला दिसत नाही. चिपवरचा ठिपका म्हणजे पहिला पाय. पट्टीतली लाल तार तिथे आली पाहिजे. क्लिप बरोबर वरून उतरवा, दोन्ही जबडे एकाच वेळी बसू द्या, आणि पट्टी चिकटपट्टीने लॅपटॉपच्या कडेला अशी अडकवा की क्लिपवर ओढ राहणार नाही. मग हात पूर्ण काढून घ्या. हाताने दाबून धरलेली क्लिप वाचताना हमखास दगा देते.

एवढं सगळं करूनही पडद्यावर उमटतं: नो ईईप्रॉम/फ्लॅश डिव्हाइस फाउंड, म्हणजे चिप सापडलीच नाही. परत काढा, परत लावा. पण हा संदेश निदान प्रामाणिक आहे. खरा घात पुढे होतो. चिप सापडते, विनबाँड डब्ल्यू२५क्यू१२८ असं नावही येतं, वाचन पूर्ण होतं, फाइल बरोबर १,६७,७७,२१६ बाइटची असते, आणि आत कचरा असतो. एखादा पाय अर्धवट टेकलेला असला की मधूनच बिट हलतात. म्हणून एकदा वाचून भागत नाही. क्लिप काढून, परत बसवून, दुसऱ्यांदा वाचायचं आणि दोन्ही फाइलींचा शा२५६, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ठसा, जुळवायचा. माझ्या दोन फाइली जुळल्या नाहीत तेव्हा सीएमपी ह्या कमांडने फरक काढला: इतक्या मोठ्या फाइलीत मोजकेच बाइट वेगळे, एकीकडे एफ७, दुसरीकडे एफएफ. त्यातली कुठलीही फाइल बॅकअप म्हणून ठेवली असती तरी ती खोटीच.

दुसरी एक खूण सांगतो. इंटेलच्या लॅपटॉपमधली चिप असेल तर फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडा आणि सोळाव्या बाइटपासून, म्हणजे हेक्समध्ये १० वर, ५ए ए५ एफ० ०एफ हे चार बाइट दिसतात का बघा. ती फ्लॅश डिस्क्रिप्टरची, म्हणजे चिपमध्ये कुठे काय आहे ह्याच्या नकाशाची, सही. दोन चिपवाले बोर्ड असतात, तिथे ती पहिल्या चिपमध्ये मिळेल. सुरुवातीपासून नुसतं एफएफ एफएफ दिसलं तर तुम्ही बहुतेक हवा वाचली आहे.

क्लिपला सगळाच दोष देणंही बरोबर नाही, हे कबूल. चिप बोर्डावरच असताना वाचायला गेलं की प्रोग्रामरचे ३.३ व्होल्ट फक्त चिपला जात नाहीत, त्याच लाइनवरच्या बाकीच्या बोर्डालाही पाजावे लागतात. व्होल्टेज खाली बसतं आणि वाचन डळमळतं. काही बोर्डांवर ते जमतच नाही, चिप हॉट एअरने (गरम हवेच्या झोताने) उचलूनच वाचावी लागते. पण माझ्या बोर्डावर जमलं, आणि जमलं ते पोमोना ५२५० ही क्लिप आणल्यावर. अंबडला कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनला असलेल्या मित्राने दोन दिवसांसाठी दिली. पहिल्या बैठकीत बसली, दोन्ही वाचनं जुळली. तिची किंमत माझ्या अख्ख्या सेटच्या कितीतरी पट आहे म्हणून मी घेतली नाही, हेही खरं. पण कोणी विचारलं तर हेच सांगेन: प्रोग्रामर स्वस्त घ्या, क्लिप महाग घ्या.

लॅपटॉप कसा जिवंत झाला ते थोडक्यात. कंपनीच्या साइटवरची अपडेट फाइल जशीच्या तशी चिपमध्ये लिहायची नसते. तिच्यात वेष्टन असतं, सह्या असतात, आणि बहुतेकदा फक्त बायोसचा भाग असतो. फ्लॅशरॉम आकार जुळत नाही म्हणून ती घेणारच नाही, ते बरंच आहे. चिपमध्ये बायोसखेरीज डिस्क्रिप्टर असतो, इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा भाग असतो, काही बोर्डांवर लॅनचा मॅक पत्ता असतो. मशीनचा सिरीयल नंबर आणि विंडोजची की सुद्धा सहसा इथेच. म्हणून यूईएफआयटूल ह्या सॉफ्टवेअरने अपडेट फाइल उघडून बायोसचा भाग बाहेर काढला, तो माझ्याच डंपमध्ये, म्हणजे चिपमधून वाचलेल्या फाइलीत, त्याच जागी बसवला, सेटिंग्ज साठवणारा तुकडा जुना ठेवला. लिहिताना आयएफडीचा (तोच इंटेलचा फ्लॅश डिस्क्रिप्टर) पर्याय देऊन फक्त बायोसचा भाग लिहायला सांगितला. बाकीच्याला त्याने हात लावला नाही. विंडोज जसंच्या तसं सुरू झालं, ॲक्टिव्हेशनसकट. भाची म्हणाली, "मामा, मग ते अठरा हजार कशाचे मागत होते?" मी काय सांगणार.

यूट्यूबवर "ह्या मॉडेलचा बायोस डंप डाउनलोड करा आणि लिहा" असं सांगणारे पुष्कळ आहेत. लॅपटॉप त्याने सुरू होतो, पण दुसऱ्याचा सिरीयल नंबर घेऊन. आपला मूळ डंप, कितीही अर्धामुर्धा असला तरी, पुसण्याआधी दोन जागी ठेवा.

इथपर्यंतचं मी श्रावणात लिहून ठेवलं होतं आणि त्यात एक वाक्य होतं: "पाच व्होल्टचा बाऊ लोकांनी उगाच केलाय." ते वाक्य मागे घेतोय. त्याच मित्राने मल्टिमीटर हातात दिला. चिपला मिळणारा पुरवठा ३.३, बरोबर. पण डेटाच्या पायांवर आकडा पाचच्या जवळ. कारण साधं आहे: सीएच३४१ए हा आयसी ३.३ वरही चालतो, पाचवरही. ह्या काळ्या बोर्डाच्या रचनेत त्याला यूएसबीचे पाच व्होल्ट दिलेत, त्यामुळे तो बोलतो ते पाचमध्ये. विनबाँडच्या डेटाशीटमध्ये पायावरचं जास्तीत जास्त व्होल्टेज पुरवठ्याच्या वर फक्त ०.४ लिहिलंय. म्हणजे ३.७. चिपा सहन करतात, हे दिसतंच. पण चिप बोर्डावर असताना त्याच तारा सरळ चिपसेटपर्यंत जातात, आणि तो सहन करेल का ह्याची हमी माझ्याकडे नाही, तुमच्याकडेही नाही. आयसीचा २८ नंबरचा पाय उचलून त्याला ३.३ द्यायचे आणि ९ नंबरचा पायही ३.३ ला जोडायचा, असा इलाज आहे. डोळे आणि सोल्डरिंग चांगलं असेल तर करा. माझा चष्मा आता त्या कामाचा राहिला नाही.

मी दुसरा मार्ग धरला: रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. चारशेच्या आतबाहेर मिळतो, जोडणीच्या पिना मुळातच ३.३ व्होल्टच्या. त्यावर पिको-सर्प्रॉग नावाचं मोफत फर्मवेअर ओढून टाकलं की फ्लॅशरॉम त्याला सर्प्रॉग प्रोग्रामर म्हणून ओळखतं. वेग आपण ठरवायचा, त्यामुळे वाचन काळ्या बोर्डाच्या कितीतरी लवकर उरकतं, आणि क्लिप कुरकुर करत असेल तर वेग खाली आणता येतो. ही सोय काळ्या बोर्डावर नाही. तेव्हा सुधारित मत असं: बोर्डावर बसलेली चिप पिकोने, काढून सॉकेटमध्ये घातलेली चिप काळ्याने. क्लिप अर्थात तीच, सेटबरोबरची.

अनपेक्षित फायदा राऊटरचा झाला. सोसायटीतल्या एकाचा जुना राऊटर भलतंच फर्मवेअर टाकून मेला होता. आठ एमबीची चिप, ओपनडब्ल्यूआरटी हे राऊटरचं मोफत फर्मवेअर टाकून चालू केला. अथेरॉसच्या चिपवाल्या जुन्या राऊटरांत बहुधा शेवटच्या ६४ केबीत त्या एका नगाच्या वायफायचं कॅलिब्रेशन असतं. तेवढा तुकडा जपला नाही तर राऊटर उठतो पण वायफाय लंगडं चालतं. इथेही मूळ डंपच कामी आला.

ह्याची बातमी पसरली आणि भलतीच गिऱ्हाइकं येऊ लागली. "काका, बायोसचा पासवर्ड काढून द्याल का?" बिल दाखव म्हटलं की पोरगं परत दिसत नाही. मला दुकान काढायचं नाहीये, आणि चोरीच्या मालाला हात लावायची हौस तर मुळीच नाही.

शेवटचं, नवीन लॅपटॉपवाल्यांसाठी. क्लिप लावण्याआधी चिपचा नंबर भिंगातून वाचा. विनबाँडच्या नावात आकड्यानंतर जेव्ही असेल तर ती ३ व्होल्टवाली, जेडब्ल्यू असेल तर १.८. मॅक्रोनिक्सची २५एल ३ व्होल्टची, २५यू १.८ ची. गिगाडिव्हाइसची २५क्यू ३ व्होल्टची, २५एलक्यू १.८ ची. १.८ वाल्या चिपेला ना काळा बोर्ड लावायचा, ना नुसता पिको. मध्ये व्होल्टेज उतरवणारी पट्टी हवी. माझ्या सेटमध्ये तशी एक आलेली आहे. मल्टिमीटर लावला तर पुरवठा १.८ दाखवते, पण भार आला की १.६ च्या खाली जाते. त्यामुळे भाच्याच्या नव्या लॅपटॉपचा बॅकअप घ्यायचं काम तूर्त थांबवलंय. बरी पट्टी शोधतोय, दोनशेच्या आत असेल तर.