अंगणातला साप ओळखायला पुस्तक घ्यावं की फोन पुरे?

आमचं घर यावल तालुक्यात. मागे केळीचा मळा, कुंपणाला लागून पऱ्हाट्यांचा ढीग, त्यामुळे पावसाळ्यात साप निघणारच. नाग आणि धामण गावात सगळे ओळखतात. घोटाळा होतो तो हात-दीड हाताच्या बारीक सापांचा. त्यांच्यासाठी मी फोटोवरून नाव सांगणारं ॲप आणि रंगीत चित्रांचं मराठी पुस्तक, दोन्ही वापरून पाहिलं.

दिवसाउजेडी साप निवांत पडलेला असेल तर फोन खरंच चांगला. पाठीवर दोन पिवळसर पट्टे असलेली नानेटी त्यानं माझ्याकडे तरी एकदाही चुकवली नाही. कुंडीखाली निघालेला वाळाही बरोबर सांगितला. अर्थात वाळ्याला फोन कशाला हवा? गांडुळाच्या अंगावर वळ्या असतात. वाळा गुळगुळीत, आणि नीट पाहिलं तर इवलीशी जीभ बाहेर काढतो.

माझी तक्रार रात्रीची आहे. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात न्हाणीच्या भिंतीवर, बल्बखाली, एक साप पालीच्या मागे चढत होता. तपकिरी अंग, पांढरे आडवे पट्टे. फोटो हलला, डोकं पाइपामागे गेलं. ॲपनं सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत नाव दाखवलं : मण्यार. कवड्याचं नाव त्याच्याखाली होतं, पण त्यासाठी बोटानं खाली सरकवावं लागतं. वडिलांनी वरचं नाव वाचलं आणि काठी उचलली. नंतर पुस्तक उघडलं. तो कवड्याच होता, बिनविषारी. अजून वाईट वाटतं.

पुस्तकात हे दोघं समोरासमोरच्या पानांवर आहेत. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार काळीनिळी, चकचकीत. तिचे बारीक पट्टे बहुधा जोडीजोडीनं, मानेपासून बरंच अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक असतात. आमच्या सापाची शेपटी जवळजवळ कोरी होती. त्याच पानावर खाली एक ओळ आहे : मण्यारच्या पिल्लांना मानेजवळही पट्टे दिसतात. म्हणजे लहान सापाचा निकाल नुसत्या पट्ट्यांवर लावायचा नाही. त्या रात्री मला नावापेक्षा हे हवं होतं.

पुस्तकाची अडचण म्हणजे ऐन वेळी पान सापडत नाही. मी तिथे कागदाची खूण घातली आहे, दुसरी खूण फुरसं आणि मांजऱ्याच्या पानांवर. बाकी दोन्हींत शंका उरलीच तर साप विषारी धरायचा, लांब उभं राहायचं आणि सर्पमित्राला बोलवायचं. चावला तर ओळखत बसायचं नाही, १०८ला फोन करायचा. मण्यारचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून दुखण्याची वाट पाहू नये.

तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, आणि फोनमधलं ॲप काढून टाका असं मी म्हणत नाही. पण एकच घ्यायचं असेल तर मी पुस्तक घेईन, आणि तेही मृगाच्या आधी, घरातल्या सगळ्यांना चाळायला वेळ मिळेल असं.

गेल्या श्रावणात न्हाणीत पुन्हा एक दिसला. मी खिशातून मोबाईल काढत होतो, तोवर वडील दारातूनच म्हणाले, "आधी शेपटीवर बॅटरी मार रे."