आठ महिने बादुआनजिन केल्यावर

नवऱ्याच्या नोकरीमुळे शांघायला आलो तेव्हा माझा उजवा खांदा पार आखडला होता, वरच्या फळीवरचा डबा काढायला पण मुलाला हाक मारावी लागायची. फूशिंग पार्कात सकाळी म्हातारी मंडळी बादुआनजिन हा संथ चिनी व्यायाम करतात, एक दिवस त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले ती आजपर्यंत. आठच हालचाली, सगळं मिळून बारा-एक मिनिटं, मॅट नको की वेगळे कपडे नकोत. प्रकार शेकडो वर्षं जुना आहे, पण आज सगळीकडे जो सारखा क्रम दिसतो तो २००३ मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा खात्याने ठरवून दिलेला.

पहिल्या हालचालीत बोटं गुंफून तळवे आकाशाकडे ढकलायचे. मी जोर लावून खांदे पार कानाला टेकवायचे. शेजारच्या आयीने (इथे आईच्या वयाच्या बाईला आयीच म्हणतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गलबलून आलं होतं) माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवली, हलकेच खाली दाबली आणि म्हणाली, "मानमान लाय", म्हणजे सावकाश. मला तिथेच कळलं की आपण व्यायाम करत नव्हतो, नुसते झगडत होतो.

खांदा तीन महिन्यांत मोकळा झाला. सोबत फिजिओथेरपी पण चालू होती, त्यामुळे सगळं श्रेय ह्याला देणार नाही, पण झोप सुधारली ती ह्यानेच असं मला मनापासून वाटतं. पाचव्या हालचालीत पाय फाकवून खाली बसायचं असतं, तिथे मी हौसेने फार खाली गेले आणि गुडघा तीन आठवडे दुखला, आता अर्ध्यावरच थांबते. शेवटची माझी सगळ्यात आवडती, टाचा उचलून सात वेळा हलकेच सोडायच्या, त्या धक्क्याने पाठीचा कणा जागा होतो.

रात्री बादलीत आल्याचे काप टाकून कोमट पाण्यात पाय बुडवून बसायची पण सवय लागलीये. एक मात्र कळकळीने सांगते, शुगरवाल्यांनी पाणी पायाने तपासू नका. बाबा इथे आले होते तेव्हा त्यांना चटका कळलाच नाही, फोड आला आणि मला फार अपराधी वाटलं. आधी दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून बघायचं, किंवा सरळ टाळायचं.

बाबा आता पुण्यात गॅलरीत बादुआनजिन करतात, वाकून पाय पकडायची सहावी हालचाल तेवढी सोडून, वाकलं की त्यांना चक्कर येते.