दहापटीचं भिंग: खाचरातल्या बुटक्या कोळ्यांसाठी

हे घडीचं भिंग सध्या माझ्या खिशातच असतं. गुहागरच्या आमच्या खाचरात, भाताच्या बुडख्याशी, अगदी पाण्यालगत दोनेक मिलिमीटरचे कोळी फिरतात. नुसत्या डोळ्यांना काळसर ठिपका. भिंग डोळ्याला चिकटवून धरलं की डोळ्यांची रांग दिसते, एखाद्या नराच्या डोक्यावरचा उंचवटासुद्धा.

बुटके कोळी म्हणजे लिनिफिइडी कुळातलं एरिगोनिनी उपकुळ. या कुळात ४,००० हून जास्त जाती. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या खालोखाल मोठं कुळ हेच. बहुतेकांचं घर उत्तरेकडच्या थंड प्रदेशात, पार आर्क्टिकपर्यंत. धाग्यावर तरंगत वाऱ्याबरोबर लांब जातात. आशियातल्या भातशेतीत मात्र अटिपेना ही प्रजाती रमली आहे, तुडतुड्यांची पिल्लं खाते. फवारणीआधी जरा वाकून बघा हो!

जात ओळखायला हे भिंग पुरत नाही. ती ठरते नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादांवरून, तिथे सूक्ष्मदर्शकच हवा. खाऱ्या हवेत बिजागरीचा स्क्रू गंजला, मी पितळेचा टाकून घेतला. काच मात्र उत्तम, कडेलाही चित्र वाकत नाही. शेतकऱ्याने जरूर घ्यावं.