क्रीडाविज्ञान संशोधनाच्या अनुदानासाठी प्रस्ताव-लेखन कार्यशाळा : एक अभिप्राय

उपयोजित क्रीडाविज्ञानात काम करणारे अध्यापक आणि पीएच.डी.चे विद्यार्थी यांच्यासाठी पुण्यातील एका संस्थेने घेतलेल्या प्रस्ताव-लेखन कार्यशाळेला मी नुकतीच उपस्थित होते. शुल्क भरून जावे का, असे काही सहकाऱ्यांनी विचारले, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे. संशोधनाचा प्रश्न कसा घडवावा, हे येथे फार चांगले शिकवले जाते; वयाने लहान असलेल्या खेळाडूंच्या संमतीचा विषय मात्र ज्या घाईने उरकला गेला, ती मला खटकली.

सर्वांत उत्तम सत्र पहिलेच होते. प्रत्येकाला आपल्या मसुद्याचे पहिले पान वाचून दाखवायला सांगितले गेले, तेव्हा बहुतेकांच्या पानावर फोर्स प्लेट (पायांनी जमिनीवर दिलेला जोर मोजणारी पाटी), जीपीएस व्हेस्ट (खेळाडूची धाव टिपणारे जाकीट), शरीररचना मोजण्याची यंत्रे असे सारे काही होते; पण हे मापन कोणत्या प्रशिक्षकाला, कोणत्या निर्णयासाठी हवे आहे, याचा उल्लेख नव्हता. मार्गदर्शकांनी कबड्डीचे एक उदाहरण घेतले. ‘कबड्डीपटूंच्या शारीरिक क्षमतेचा अभ्यास’ हे शीर्षक बाजूला ठेवून, उपांत्य आणि अंतिम सामन्यांमध्ये एकच रात्र असताना चढाईपटूच्या पायांतील ताकद कितपत भरून येते आणि त्यानुसार सकाळचा सराव किती हलका ठेवावा, असा प्रश्न त्यांनी मांडला. प्रश्न असा बांधला की फोर्स प्लेट कशासाठी हवी, मापन केव्हा करायचे आणि निष्कर्ष कोण वापरणार, हे तिन्ही मुद्दे आपोआप स्पष्ट होतात, शिवाय अंदाजपत्रकातील प्रत्येक रकमेला कारण मिळते.

नमुन्याच्या आकारावरील, म्हणजे अभ्यासात किती खेळाडू घ्यावेत यावरील, चर्चाही मोलाची होती, आणि माझ्या मते आपल्या विषयातील प्रस्तावांची खरी अडचण तेथेच आहे. वैद्यकीय पार्श्वभूमीचा परीक्षक शंभर-दोनशे सहभागींची अपेक्षा ठेवतो. राष्ट्रीय स्तरावर खेळणारे, एकाच वजनगटातील कुस्तीगीर तेवढे आणायचे कोठून? अशा वेळी संख्या वाढवण्यासाठी महाविद्यालयीन हौशी खेळाडू घेतले, तर मूळ प्रश्नच बदलतो. त्याऐवजी त्याच खेळाडूंची पुन्हा-पुन्हा मापने घ्यावीत, मापनातील स्वाभाविक चूक किती हे आधी तपासावे आणि मैदानावर अर्थपूर्ण ठरेल असा किमान फरक कोणता हे प्रस्तावातच लिहावे, ही मांडणी मार्गदर्शकांनी आकडेमोड करून दाखवली. या एका सत्रासाठीही शुल्क सार्थकी लागले, असे मी म्हणेन.

अनुदान कोठे मागावे, याची माहिती अद्ययावत होती. 2023 च्या कायद्याने स्थापन झालेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान फेब्रुवारी 2024 पासून अस्तित्वात आले आणि पूर्वीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले, हे अनेकांना नवीन होते. त्याच्या नवोदित संशोधकांसाठीच्या योजनेत तीन वर्षांसाठी 60 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. परंतु ती नियमित पदावरील संशोधकांसाठी आहे, त्यामुळे शारीरिक शिक्षण महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबणाऱ्या कितीतरी अभ्यासू शिक्षकांना तिचा उपयोग नाही. या शिक्षकांनी काय करावे, यावर एखादे सत्र असायलाच हवे होते.

आता उणिवा. आपल्याकडील क्रीडा संशोधनात सहभागी होणारी मुले बहुतेकदा निवासी प्रबोधिनीत किंवा शाळेच्या संघात असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो : सात ते बारा वर्षे वयाच्या मुलांचा तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी. कार्यशाळेत या होकारपत्राचा नमुना वाटला गेला आणि विषय संपला. ज्या प्रशिक्षकाच्या हाती संघनिवड आहे, त्यानेच रक्त तपासणीसाठी नावे मागितली, तर चौदा वर्षांची मुलगी नाही कसे म्हणेल? संमती प्रशिक्षकाच्या अनुपस्थितीत घेणे आणि नकाराचा निवडीवर परिणाम होणार नाही याची लेखी हमी देणे, हे प्रस्तावाच्या कार्यपद्धतीतच यायला हवे. सहभागींना पूरक आहार किंवा नवी व्यायामपद्धती देऊन परिणाम तपासायचा असेल, तर पहिला सहभागी घेण्यापूर्वी भारतीय क्लिनिकल ट्रायल्स नोंदणीत अभ्यासाची नोंद करावी लागते. पूरक आहाराच्या बाबतीत आणखी एक जबाबदारी असते, कारण डब्यात प्रतिबंधित द्रव्याचा अंश निघाला, तर उत्तेजक चाचणीत दोषी खेळाडूच ठरतो. नोंदणीविषयी एक वाक्य आले; डब्यांच्या तपासणीविषयी तेही नाही.

मंजुरीनंतरच्या व्यवहारालाही अगदी थोडा वेळ मिळाला. जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून खरेदी, सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांतील (जीएफआर) 12-अ नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरलेल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला, शिल्लक रकमेवरील व्याजाचा हिशोब या गोष्टी लेखा विभागाच्या आहेत असे समजून संशोधक बाजूला राहतो, आणि पुढचा हप्ता अडला की प्रकल्पावर नेमलेल्या तरुण संशोधकाचे मानधन थांबते. लेखा विभागातील जाणकार व्यक्तीला एक तास बोलावले असते, तरी पुष्कळ काम झाले असते.

कार्यशाळेनंतर मसुदा तपासून देण्याची सोय शुल्कातच आहे आणि ती मनापासून राबवली जाते. माझ्या मसुद्यावर आलेल्या टिपा नेमक्या होत्या : उद्दिष्टे कमी करा, दुसऱ्या वर्षाच्या कामाला स्पर्धांचे वेळापत्रक जोडा, खेळ संघटनेचे सहकार्यपत्र आधी मिळवा. ज्यांच्याकडे कच्चा का होईना मसुदा तयार आहे, त्यांनी जरूर जावे. ज्यांनी अद्याप एकाही प्रशिक्षकाशी बोलून विषय ठरवलेला नाही, त्यांनी पुढच्या तुकडीसाठी थांबावे आणि तोवर काही दिवस मैदानावर काढावेत. बालखेळाडूंवर काम करणाऱ्यांनी आपल्या एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी आहे ना, हे अर्ज भरण्याआधीच विचारून घ्यावे.