तालुक्यातलं डिजिटल एक्स-रे सेंटर: फोटो झकास, पॅनल कडक
आता यवतमाळले जायची गरज नाही, आमच्या तालुक्यालेच बस स्टँडच्या मागं डिजिटल एक्स-रे होऊन राहिला न फोटो एकदम क्लिअर. आबाजीच्या मनगटाचा काढला, केसासारखी बारीक चीर होती, ते टेक्निशियन दादानं झूम करून दाखवली, फिल्म धुवायची भानगडच नाही. ज्याच्यावर हात ठेवतेत त्या पॅनलच्या आत सिझियम आयोडाइडचा थर असते, तो एक्स-रेचा उजेड करते अन् खालचे सिलिकॉनचे डायोड तो उजेड पकडतेत. पण हे सारं काचेवर बनवलेलं, वाकत नाही, सुजलेला हात त्याच्यावर सपाट ठेवता ठेवता आबाजी कळवळले. म्हणून मले ऑर्गॅनिक सेमीकंडक्टरची (सिलिकॉनसारखंच काम करणारे कार्बनवाले पदार्थ) भल्ली आशा आहे, ते द्रावणातून पातळ प्लास्टिकवर छापता येते, वाकवता येते. अडचण एवढीच का त्यात मुख्य कार्बन न हायड्रोजन, हलके अणू, एक्स-रे बहुतेक आरपारच निघून जाते, त्याच्यासाठी संशोधक त्यात बिस्मथ ऑक्साइडचे बारीक कण मिसळून पाहून राहिले, बिस्मथ जड असल्यानं एक्स-रे जास्त अडवते. असं पॅनल खेड्यापाड्यात पहिले आलं पाहिजे. सेंटरले 5 पैकी 4 स्टार, बसायले बाकडे कमी अन् लाइट गेली का थांबा लागते.