हातपंपाचा कपिंग सेट: काही महिने वापरल्यानंतर

खांदे आणि पाठीचा वरचा भाग आखडतो म्हणून प्लास्टिकचे कप आणि हातपंप असलेला सेट घेतला. कातडीवर कप ठेवून पंपाने आतली हवा काढायची, म्हणजे कातडी कपात ओढली जाते, हेच कपिंग. आराम पडतो, पण दिवस-दोन दिवसांपुरता. जुनं दुखणं मुळापासून गेलेलं नाही, आणि ‘शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडतात’ हे तर सोडूनच द्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकी जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या अंगावर दिसले तसे जांभळे गोल उठतात. कातडीखालच्या केशवाहिन्या फुटून रक्त साकळतं, एवढंच त्यामागचं कारण. डाग गडद म्हणजे गुण जास्त, असंही काही नसतं.

सेटची खरी उणीव म्हणजे कप किती जोरात ओढतोय हे दाखवणारं काहीच नाही. त्यामुळे अंदाज आपल्यालाच ठेवावा लागतो. कातडी कपात जराशी फुगली की मी पंप थांबवतो आणि ५ ते १० मिनिटांचा गजर लावतो. ओढ किंवा वेळ वाढला की पाण्याचे फोड येऊ शकतात. पाठीवर स्वतःचा हात पोचत नाही, तेव्हा सोबत कुणीतरी हवंच. कप उपटायचा नाही. वरची झडप उचलून आधी हवा आत घ्यायची. डाग पुरते जाईपर्यंत त्या जागी पुन्हा कप नाही, मग दोन आठवडे का लागेनात.

माहितीपत्रकात कप लावायच्या बिंदूंची चित्रं भरपूर, पण कुणी वापरू नये यावर एक ओळ नाही! घरात एकजण रक्त पातळ करणारी गोळी घेतात. त्यांनी मागूनही मी कप लावून दिले नाहीत. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार), कमी प्लेटलेट, पायात रक्ताची गुठळी, मधुमेहाने आलेली बधिरता असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. गरोदरपणात पोट-कंबर टाळा. फुगलेल्या शिरा, एक्झिमा, जखम आणि गळ्याची पुढची बाजू सगळ्यांनीच वगळावी. काही कपांत चुंबक असतात. पेसमेकरवाल्यांनी त्यांपासून लांब राहावं.

चिरे देऊन रक्त काढायचा प्रकार, म्हणजे हिजामा, घरी मुळीच करू नये. अस्वच्छ पात्यातून हिपॅटायटिस पसरू शकतो, वारंवार केल्यास रक्तक्षयही होतो. आतली हवा ज्योतीने तापवून लावायच्या आगीच्या कपांनी भाजू शकतं, ते वेगळंच.

तेल लावून कप फिरवायचे असतील तर सिलिकॉनचे घ्या. या सेटच्या झडपेत तेल शिरलं की ओढ टिकत नाही, आणि झडप साबणाने धुऊन कोरडी करण्यातच वेळ जातो.