सांबऱ्यावरच्या किंग एअरला देखभाल-सल्लागार हवाच

बेळगावच्या सांबरा विमानतळावर किंग एअर बी२०० हे दोन इंजिनांचं टर्बोप्रॉप विमान ठेवायचं, तर मालकाच्या बाजूने देखरेख करणारी ही देखभाल-सल्लागाराची सेवा घ्यावीच. सल्लागार स्वतः पाना धरत नाही. दुरुस्ती मान्यताप्राप्त संस्थाच करते, तो ती तपासतो.

सगळ्यात भक्कम काम कागदपत्रांचं. टर्बाइन डिस्कसारख्या (इंजिनातली पाती बसवलेली फिरती चकती) ठरावीक आयुष्याच्या प्रत्येक भागाचा माग पार पहिल्या दिवसापासून काढतात. सायकलींची (इंजिन सुरू करून उड्डाण आणि पुन्हा बंद, ही एक सायकल) नोंद मध्येच तुटली, की ठणठणीत डिस्कही बाद धरावी लागते आणि विकताना विमानाचा भाव पडतो. म्हणून खरेदीआधीच यांना बोलवा. व्यवहार झाल्यावर फार काही हाती उरत नाही.

वेळापत्रकही चोख. फेज तपासणी, म्हणजे विमानाची टप्प्याटप्प्याने होणारी तपासणी, दर २०० उड्डाणतासांनी, चार फेजचं चक्र ८०० तासांचं. पण तास भरोत न भरोत, चारही २४ महिन्यांत व्हायला हव्यात. कमी उडणारे मालक नेमके इथे फसतात. त्याच्या पीटी६ए-४२ इंजिनाच्या हॉट सेक्शनची (ज्वलन आणि टर्बाइनचा तापणारा भाग) तपासणी १,८०० तासांना, ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण खोलून दुरुस्ती) ३,६०० ला. ही कामं फेजशी जुळवली, तर विमान दोनदा अडकत नाही.

बेळगावचा पाऊस लांबतो. उभ्या विमानाच्या टाकीतलं पाणी तळाच्या झडपेतून काढलं नाही, तर इंधनात बुरशी धरते आणि इंधनमापकाचे टाकीतले प्रोब (संवेदक) चुकीचं दाखवतात. यावर सल्लागाराची सूचना जरा मोघम वाटली. पावसाळ्यात पाणी दर उड्डाणाआधी आणि इंधन भरल्यावर काढायचं, असं स्पष्ट हवं होतं.

मासिक फीत प्रवासखर्च नाही. तो, आणि ‘वाढीव कामाला मालकाची लेखी मंजुरी’, दोन्ही करारात घालून घ्या.